रिवैली म्हणजे रैली नव्हे: फौजेच्या पहाटेच्या हाकेची गोष्ट

बहिणीचा मुलगा एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पला निघाला, आणि निघायच्या आदल्या रात्री त्याने फॅमिली ग्रुपवर रोजच्या टाइमटेबलचा फोटो टाकला. हिंदीत छापलेला कागद, कडेला चहाचा डाग, आणि पहिलीच ओळ: "०५०० - रिवैली". आमची आई चष्म्याशिवाय मोबाइल बघते, तिने वाचलं "रैली". झालं. "अगं पहाटे पाचला कसली रैली काढतात पोरांची, पाचला तर इंदूरात पोहेसुद्धा नीट सुरू झालेले नसतात." त्यावर आत्याचा व्हॉइस मेसेज, की भरती रैली असेल, फौजेची भरती रैलीनेच होते ना आजकाल. मग आई घाबरली, की पोराला कॅम्पला म्हणून नेतायत आणि परस्पर भरतीच करून टाकतायत की काय.

सकाळपर्यंत ग्रुपवर एवढे मेसेज, आणि त्यात एकालाही खरा अर्थ माहीत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, सोड ना, उठायचं असतं पाचला, बास." बरोबर आहे त्याचं. पण मला असल्या शब्दांचा किडा आहे, तो एकदा डोक्यात शिरला की निघत नाही, म्हणून महूच्या काकांना फोन लावला (फौजेच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलातून सुभेदार म्हणून रिटायर, आता इंदूरजवळच्या महू छावणीपासून जवळच घर बांधून राहतात) आणि बाकीचं स्वतः शोधत बसले. आता आत्यालाही कळेल असं लिहून टाकते.

आधी साधा अर्थ

रिवैली, किंवा इंग्रजी उच्चाराच्या जवळ जायचं तर रिव्हॅली, म्हणजे सैनिकांना पहाटे उठवायचा इशारा. पूर्वी ढोल-ताशावर द्यायचे, नंतर बिगुलावर. बिगुलाच्या अशा ठरलेल्या छोट्या धुनेला फौजेत "कॉल" म्हणतात. जेवणाचा कॉल वेगळा, गोळा व्हायचा वेगळा, दिवे मालवायचा वेगळा. रिव्हॅली हा दिवसातला पहिला कॉल. टाइमटेबलमध्ये ती ओळ असेल तर तिचा अर्थ एवढाच, की या वेळेला अंथरूण सोडायचं, मग बिगुल खरंच वाजो की उस्तादाच्या, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या फौजीच्या, तोंडची शिट्टी वाजो.

हे नाव नाहीये, ही हाक आहे

मला सगळ्यात मजा इथे आली. आपल्याला वाटतं रिव्हॅली हे त्या धुनेचं नाव असेल, जसं "भूपाळी" हे एका गानप्रकाराचं नाव आहे. तसं नाहीये. हा एक फ्रेंच हुकूम आहे, "रेवेये". क्रियापदाचं आज्ञार्थी रूप, तेही अनेकवचनी, म्हणजे "ऊठ" नाही, "उठा"च्या जातीचं. शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्यांना फरक लगेच कळेल.

आणि "उठा"सुद्धा अगदी तंतोतंत नाही. फ्रेंचमध्ये "तुम्ही उठा" म्हणायचं तर त्या शब्दाला मागे "व्हू" जोडावा लागतो. नुसतं "रेवेये" म्हणजे "उठवा", दुसऱ्याला जागं करा. उठा आणि उठवा. मराठीत एका "व"चा फरक, पण कामं किती वेगळी, घरात पाहुणे असले की "उठा" कोणाला म्हणायचं आणि "उठवा" कोणाला, हे आपल्याला बरोबर माहीत असतं. हा "उठवा" लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इंग्रजांनी १७व्या शतकात हा शब्द घेतला, कानाला ऐकू आला तसा घेतला, आणि लिहिताना एक वेलांटी इकडे एक अक्षर तिकडे करत फ्रेंच वाटेल असा लिहून टाकला. उच्चारात तर आजही एकमत नाही. ब्रिटिश म्हणतात रि-व्हॅ-ली, मधल्या अक्षरावर जोर. अमेरिकन म्हणतात रे-व्ह-ली, पहिल्या अक्षरावर. आपली फौज ब्रिटिशांकडून शिकली म्हणून आपल्याकडे रिव्हॅली, हिंदीत रिवैली. आणि फ्रेंच? ते पहाटेच्या बिगुलाला रिव्हॅली म्हणतच नाहीत, त्यांच्या फौजेत त्याचं जुनं नाव "दियान". स्पेनमध्येही "दियाना". ती रोमन देवी नव्हे हं, स्पॅनिशमध्ये "दिया" म्हणजे दिवस, त्यावरून आलेलं. म्हणजे ज्यांच्या तोंडचा शब्द इंग्रजांनी उचलला त्यांनी स्वतः त्या धुनेला वेगळंच नाव ठेवलंय.

कानाने लिहिलेले शब्द

याला हसायच्या आधी आपलं बघा. कंपनी सरकारच्या फौजेत पहाऱ्यावरच्या शिपायाला शिकवलं होतं, रात्री कोणी दिसलं की ओरडायचं, "हू कम्स देअर?" आपल्या शिपायांच्या तोंडी त्याचं झालं "हुकुमदार!" आता हा शब्द ऐकणाऱ्याला वाटावं की काहीतरी फारसी-उर्दू असेल, हुकूम आहे, दार आहे, सगळं जुळतंय. प्रत्यक्षात "कोण आहे तिकडे?" एवढाच इंग्रजी प्रश्न. रिक्रूटचा रंगरूट झाला, सेंट्रीचा संतरी, गार्डची गारद.

आणि उलटीकडूनही फसतात लोक. महूचंच घ्या. इंदूरात दहापैकी आठ जण छातीठोकपणे सांगतील की महू म्हणजे "मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर", या शब्दांची पहिली अक्षरं घेऊन बनवलेलं. मीही लहानपणी हेच खरं मानायचे, जनरल नॉलेजच्या वहीत लिहून ठेवलं होतं. पण महू किंवा मऊ नावाचं गाव तिथे आधीपासूनच होतं. १८१७च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर जॉन माल्कमने तिथे छावणी बसवली. इंग्रजांनी गावाचं नाव आपल्या स्पेलिंगमध्ये लिहिलं, ती चार अक्षरं बघून नंतरच्या कोणीतरी हुशार माणसाने त्यांचा फुलफॉर्म तयार केला. (याच छावणीत १८९१ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार. २००३पासून गावाचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, बोलताना मात्र सगळे महूच म्हणतात.)

तर शब्द नुसता दिसतो-ऐकू येतो कसा यावर जाऊ नका. रिव्हॅलीचा रैलीशी काही संबंध नाही. रैली पण फ्रेंचमधूनच आला, पण तो "पुन्हा एकत्र जोडणे" या अर्थाचा. गुपित उघड करणारा इंग्रजी "रिव्हील" पण वेगळा, त्यात पडदा बाजूला सारायची कल्पना आहे.

आतला शब्द: जागल्या

आता "रेवेये"च्या आत जाऊ. त्यातलं "रे" म्हणजे पुन्हा किंवा जोर द्यायला, आणि उरलेलं आलं लॅटिनच्या "व्हिजिल"वरून. व्हिजिल म्हणजे जागा असलेला, आणि म्हणून पहारेकरी. आपल्याकडे गावात रात्री जागून राखण करणाऱ्याला जागल्या म्हणायचे ना, अगदी तेच. शब्द शब्दाला चिकटवून भाषांतर करायचं तर व्हिजिल म्हणजे जागल्या. रोममध्ये ऑगस्टस बादशहाने इसवी सन ६मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी आणि आगी विझवण्यासाठी दलच उभं केलं, त्यांचं नाव व्हिजिलेस. सरकारी ऑफिसात व्हिजिलन्सवाले आले की सगळे एकदम टेबलावर दिसायला लागतात, ते व्हिजिलन्स याच घरातलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं "सर्व्हेलन्स" पण याच घरातलं, वरून जागता पहारा. ब्राझीलमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्रीला "रेव्हेयॉं" म्हणतात, कारण त्या रात्री जागायचं असतं, तेही याचंच भावंड.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. रोमन लोक रात्रीचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाला म्हणायचे "व्हिजिलिया", आणि त्या भागात जो पहारा असायचा त्यालाही व्हिजिलियाच. आपल्याकडे रात्रीचे चार प्रहर. आणि पहारा हा शब्द कुठून आला? प्रहरावरून. दोघांनी एकमेकांना न विचारता वेळेच्या तुकड्याचं आणि जागं राहण्याचं नाव एकच ठेवलं. पूर्वी घड्याळ बघायची सोय नव्हती, वेळ म्हणजे कोण जागं आहे त्याची पाळी, दुसरं काय.

(कोणी विचारेल की मग "जागर" आणि "व्हिजिल" मुळात एकच का? नाही. अर्थ जवळ, धातू वेगळे. सगळं संस्कृतातून गेलंय म्हणणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.)

मग ही फक्त उठायची घंटा होती का?

नव्हती, आणि मला वाटतं खरा मुद्दा इथे आहे जो टाइमटेबलच्या कागदावरून कळत नाही. १८व्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजी लष्करी कोशांत रिव्हॅलीचा अर्थ दिलाय तो दोन भागांत आहे. एक, उजाडलं, सैनिकांनी उठावं. दोन, पहारेकऱ्यांनी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणं बंद करावं. म्हणजे रात्रभर जे "हुकुमदार" चालू होतं ते थांबवायची परवानगी. अंधारात प्रत्येक सावली शत्रूची, उजाडल्यावर माणूस ओळखू येतो. आपल्या किल्ल्यांचे दरवाजे पण सूर्यास्ताला बंद व्हायचे, हिरकणीची गोष्ट त्यावरच उभी आहे, आणि पहाटे दरवाजे उघडले की गडाचा दिवस सुरू.

सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. रात्री साडेअकराला गेलं की तोच ओळखीचा वॉचमन टॉर्च मारतो, विचारतो, कुठल्या फ्लॅटमध्ये? सकाळी सहाला दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या बाई सगळे बिनधास्त आत जातात, वॉचमन चहा पीत असतो. मध्ये कुठेतरी एक क्षण असतो जिथे "संशय" संपून "दिवस" सुरू होतो. फौजेला असा क्षण मोघम ठेवून चालत नाही, हजार माणसांना तो एकदम कळला पाहिजे, म्हणून तो वाजवायचा.

इंग्रज तर फ्रेंचांचे दुश्मन, मग शब्द त्यांचा का?

हा प्रश्न काकूने विचारला, चांगला आहे. एक तर १०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राज्यकारभाराची, लढाईची भाषा कित्येक पिढ्या तीच राहिली. दुसरं, १७व्या शतकात युरोपातली सगळ्यात मोठी फौज फ्रान्सची, त्यामुळे बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकायचे. लेफ्टनंट फ्रेंच, म्हणजे वरच्याची "जागा धरणारा". आपल्याकडचा नायब म्हणजे पण तेच, त्यामुळे लेफ्टनंट आणि नायब सुभेदार हे अर्थाने चुलतभाऊ झाले. इन्फंट्री तर इटालियनमधून फ्रेंचमधून आलेला, त्यात "इन्फान्ते" म्हणजे पोरगा, घोड्यामागे पायी चालणारा पोऱ्या. महूच्या इन्फंट्री स्कूलसमोरून जाताना मला आता हसू येतं, कारण शब्दशः बघितलं तर ती पोरांची शाळाच झाली. काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत.

बिगुलच का?

बिगुल हा शब्दही बघण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये "बुकुलुस" म्हणजे तरणा बैल. त्यावरून जुन्या इंग्रजीत बिगुल म्हणजे रानबैल, आणि त्याच्या शिंगाला म्हणायचे "बिगुल-हॉर्न", पुढे हॉर्न गळालं आणि नुसता बैल उरला. आपल्या पेपरात मथळा असतो "निवडणुकीचं बिगुल वाजलं", तो वाचला की मला आता बैलच दिसतो. मराठीने मात्र उलटं केलं, जनावर सोडलं आणि शिंग धरलं. रणशिंग.

बिगुलाला ना भोकं असतात ना दट्टे. हार्मोनियमसारख्या पट्ट्या नाहीत, बासरीसारखी बोटं ठेवायला जागा नाही. एक वळवलेली पितळेची नळी, बास. मग सूर बदलतात कसे? गच्चीवर झाडांना पाणी घालायचा पाइप असतो ना, त्याच्या एका टोकाला नरसाळं लावून दुसऱ्या टोकाला ओठ दाबून फुर्रर्र करून बघा (शेजारी झोपलेले नसताना). ओठ सैल ठेवले तर खालचा सूर निघेल, आवळले तर एकदम उडी मारून वरचा, मधले सूर काही केल्या निघत नाहीत. जिन्यासारखं आहे, पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. नळीची लांबी ठरलेली, म्हणून पायऱ्याही ठरलेल्या.

त्या पायऱ्या आपल्या भाषेत सांगायच्या तर खालून वर अशा: सा, प, वरचा सा, ग, प. पाच सूर, पण स्वर मोजले तर तीनच, सा ग प. ब्रिटिश परंपरेतले बहुतेक सगळे कॉल एवढ्यातच बसवलेत. उठा, जेवा, पळा, झोपा, सगळं सा ग प मध्ये. फरक सगळा लयीचा आणि कुठल्या पायरीवर किती वेळ थांबायचं त्याचा. गाणं शिकलेल्यांना आठवेल, आपल्याकडे मालश्री नावाचा राग आहे, तो जुन्या पद्धतीने मुख्यतः या तीन स्वरांतच गातात, आणि तीन स्वरांत अर्धा तास काय गायचं म्हणून भले भले त्याच्या वाटेला जात नाहीत. बिगुलवाला ते रोज पहाटे थंडीत, गार पितळ ओठाला लावून करतो. अर्धा तास नाही करत, मान्य.

आणि का वापरायचं असलं अपुरं वाद्य? कारण पितळेचा तो टोकदार आवाज मोकळ्या मैदानात लांब जातो, पाऊस-धुळीत बिघडायला त्यात काहीच नाही, आणि सूर कमी असल्यामुळे वाजवणारा चुकायलाही फारशी जागा नाही.

रात्रीचे भाऊबंद

पहाटेला रिव्हॅली तसे संध्याकाळचे कॉल आहेत. रिट्रीट, म्हणजे सूर्यास्ताला निशाण उतरवताना, २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट होतं ते हेच. मग टॅटू. हा अंगावर गोंदायचा टॅटू नव्हे, तो पॉलिनेशियातून आलेला अगदी वेगळा शब्द आहे. फौजेचा टॅटू डच, "तोटी बंद करा", म्हणजे गुत्तेवाल्यांनी बिअरच्या पिंपाची तोटी बंद करायची म्हणजे सैनिक गपगुमान छावणीत परततील. तोही हुकूमच बघा, रिव्हॅलीसारखा. आणि शेवटी लास्ट पोस्ट, त्यातलं पोस्ट म्हणजे पहाऱ्याची चौकी, रात्रीच्या तपासणीतली शेवटची.

शहिदांना मानवंदना देताना लास्ट पोस्ट का वाजतं हे सगळ्यांना समजतं, दिवस संपला. पण २६ जानेवारीला टीव्हीवर राष्ट्रीय युद्ध स्मारकाचा कार्यक्रम बघितला असेल तर आठवेल, लास्ट पोस्टनंतर दोन मिनिटं शांतता आणि मग पुन्हा बिगुल, एक उठवणारी धून. तिला "राउझ" म्हणतात. जुन्या रिवाजात रिव्हॅलीच्या पाठोपाठ अंथरुणातून बाहेर काढायला जो छोटा कॉल वाजवायचे तो हा. बरेच जण त्यालाच रिव्हॅली म्हणतात, काका पण म्हणतात, आणि मी त्यांची चूक काढायला गेले नाही. मधली दोन मिनिटं म्हणजे रात्र, आणि राउझ म्हणजे पहाट. हे कळल्यापासून मला तो कार्यक्रम वेगळाच दिसतो.

पण आता मोबाइलमध्ये अलार्म आहे ना?

भाच्याचा प्रश्न. आहे की. पण अलार्म म्हणजे काय? इटालियन "आल्लार्मे", अर्थ "शस्त्रं उचला!" शत्रू आला की ओरडायची हाक. म्हणजे रिव्हॅली जुनाट वाटते म्हणून तू मोबाइलचा अलार्म लावतोस, तो तर तिच्याहून जास्त फौजी निघाला. रिव्हॅली निदान म्हणते उजाडलं, पहारा संपला. अलार्म म्हणतो तलवार काढ. आणि तू त्याला दहा मिनिटं पुढे ढकलतोस.

कॅम्पवरून आल्यावर त्याला घेऊन महूला काकांकडे गेलो. राजेंद्र नगरहून अर्ध्या-पाऊण तासात पोचलो. पोरगा काळा पडलेला, आवाज बसलेला, एकदम खूश. काकांनी विचारलं, रिव्हॅलीला बिगुल वाजायचं का? तो म्हणाला कसलं बिगुल, उस्ताद बराकीत येऊन पत्र्याच्या पेटीवर काठी आपटायचे. काका म्हणाले, "बिगुल नाही तर पेटी. आम्हाला बिगुल होतं." मग भाच्याने विचारलं ते मला कधी सुचलंच नव्हतं, "पण काका, बिगुलवाल्याला कोण उठवायचं?"

काका म्हणाले, "संतरी. बिगुलर क्वार्टर गार्डात, पहाऱ्याच्या चौकीतच झोपायचा. रात्रीच्या शेवटच्या पाळीचा संतरी घड्याळ बघायचा, आत जायचा, आणि त्याच्या खाटेला हळूच बूट लावायचा."

"काय म्हणायचा?"

"काय म्हणणार? उठ, उठव त्यांना."